मॅव्हिसने लिहिलेलं पत्र

सेंट मॅथायसच्या मंडळीत रोवेना टेबरला जमलं नाही असं एकच काम होतं, ते म्हणजे गाणं. गायनमंडळाच्या बाईंनी तिला हौसेने घेतलं आणि दोनच रविवारांनी तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "रोवेना, तू नुसतं तोंड हलव." ही गोष्ट रोवेना स्वतःच सगळ्यांना हसत सांगायची. बाकी सगळं ती करायची. दारात उभं राहून आल्यागेल्याच्या हातात प्रार्थनेचं पत्रक द्यायची, शास्त्रपाठ वाचायची, प्रभुभोजनाच्या वेळी, ख्रिस्ताचं रक्त मानून सगळे पितात तो द्राक्षारसाचा पेला धरायची, गुरुवारी शिध्याच्या पिशव्या भरायची. तळघरातल्या कॉफीच्या भांड्याची तोटी गळायला लागली की पाना घेऊन तीच खाली उतरायची.

मिशिगन सरोवराच्या काठावरच्या त्या गावात लुथरन लोकांची दोन मोठी चर्चं होती आणि कॅथलिकांचं एक त्याहूनही मोठं. सेंट मॅथायसची एपिस्कोपल मंडळी म्हणजे रविवारी जेमतेम साठ डोकी, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. ज्याचे गुडघे अजून धड आहेत त्याच्या गळ्यात तीन-तीन कामं पडायची. रोवेना अठ्ठावन्न वर्षांची होती, म्हणजे तिथल्या हिशेबाने तरुणच. होड्यांची जाड कापडी कव्हरं शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीन चालवून तिची बोटं राठ झाली होती. नवरा, ग्लेन, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूर ओरेगनमध्ये. घरात ती आणि एक बहिरं मांजर.

आणि मॅव्हिस.

मॅव्हिस ग्रिफिथ तिच्या घरात राहत नव्हती, पण घरचीच असल्यासारखी होती. काउंटीच्या कचेरीत लोकांची लग्नं आणि मृत्यू नोंदवण्यात तिचं आयुष्य गेलं. स्वतःचं लग्न नोंदवायची वेळ आली नाही. रोवेनापेक्षा आठ वर्षांनी मोठी, हाडाने बारीक, जिभेने तिखट. एकोणीस वर्षं दर शनिवारी सकाळी दोघी वेदीमागच्या छोट्या खोलीत भेटायच्या. पेला पुसायची तागाची फडकी धुवायची, त्यांना इस्त्री करायची, तीन घड्या अशा घालायच्या की कडेचा बारीक लाल क्रूस वर यावा. चांदीची भांडी घासायची, मेणबत्त्यांची टोकं कापायची.

"ही बघ, नॉर्मा बॉइड पुन्हा लिपस्टिक लावून आली," मॅव्हिस फडकं उजेडात धरून म्हणायची. "देवाच्या रक्ताला हिच्या ओठांचा रंग कमी पडतो वाटतं."

"अगं, हळू! फादर बाहेर आहेत."

"असू देत. त्यांनी एकदा हे डाग घासून बघावेत, मग उपदेशात घेतील."

अशा हसण्याखिदळण्यात दोन तास निघून जायचे. ग्लेन चौदा महिने अंथरुणाला खिळला होता तेव्हाही रोवेनाने शनिवार चुकवला नव्हता. उलट आठवड्यात तेवढे दोन तास ती श्वास घ्यायची.

ग्लेन गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत, असंच एका शनिवारी, इस्त्री हातात धरून रोवेना एकदम थांबली. बाहेर बर्फ गुडघाभर होतं.

"मॅव्हिस, तुला एक सांगू? कुणाला सांगायचं नाही."

"मी कुणाला सांगणार? माझं आहे कोण?"

तेव्हा रोवेनाने सांगितलं. ग्लेनच्या आजारात अकरा महिने तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता. देवावर नाही, प्रार्थनेवर नाही, प्रभुभोजनाच्या भाकरीवर नाही. पण रविवारची घरभेटीची सेवा तिने सोडली नाही. उपासना संपली की फादर तिच्या हातात ती छोटी डबी द्यायचे, आत भाकरीचे चार पातळ तुकडे आणि द्राक्षारसाची कुपी. ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जायची, पुस्तकातले शब्द वाचायची, भाकर त्यांच्या हातावर ठेवायची.

"आत काहीच नव्हतं गं माझ्या," ती म्हणाली. "टपालवाल्यासारखं. पत्ता बरोबर, पाकीट पोचवलं, आत काय आहे त्याच्याशी माझा संबंध नाही. ती माणसं रडायची, माझा हात धरायची. आणि मी घड्याळ बघत असायचे."

"आणि आता?"

"आता आहे काहीतरी. परत आलं. कसं ते विचारू नकोस."

मॅव्हिसने तिच्या हातातून इस्त्री काढून बाजूला ठेवली, कारण फडकं करपायला लागलं होतं. मग तिला जवळ घेतलं. मॅव्हिस कुणाला जवळ घेणाऱ्यातली नव्हती. म्हणून रोवेनाला ते फार लक्षात राहिलं.

*

डीकन होण्याची गोष्ट पहिल्यांदा काढली ती मॅव्हिसनेच. डीकनला पगार नसतो, पण गळ्यात पांढरी पट्टी असते. आजारी, तुरुंगातले, उपाशी अशा माणसांना मंडळीच्या डोळ्यांपुढे आणून उभं करणं हे त्याचं काम. "तू तेच तर करतेस," मॅव्हिस म्हणायची. "फक्त पट्टी नाही." दोन वर्षं रोवेनाने ते हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी एका मरणाऱ्या बाईच्या उशाशी बसलेली असताना तिला वाटलं की आपल्याला हेच करायचंय, आणि उघडपणे, शपथ घेऊन करायचंय. ती सरळ फादर किप यांच्याकडे गेली.

फादर किप अंडरहिल चाळिशीतले, उत्साही, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारे. त्यांना आनंद झाला. रीत त्यांनी समजावून सांगितली. आधी आपल्याच मंडळीतली पाच माणसं चार-सहा महिने तिच्याबरोबर बसणार, तिला प्रश्न विचारणार, खरंच बोलावणं आहे का ते पारखणार. खोलीतलं बोलणं खोलीत राहणार. पाचांचं एकमत झालं तरच कागद बिशपकडे जाणार. पुढे तीन वर्षं शिक्षण, आणि त्यानंतर बिशप नेमतील त्या मंडळीत काम.

"म्हणजे इथे नाही?" रोवेनाने विचारलं.

"बहुतेक नाही. डीकनला स्वतःच्या घरच्या मंडळीत सहसा ठेवत नाहीत."

हे तिने मॅव्हिसला सांगितलं तेव्हा मॅव्हिस भांडं घासत होती. "बरं," एवढंच म्हणाली, आणि जरा वेळाने, "ग्रीन बेला टाकतील तुला. नाहीतर त्याहून लांब."

समितीत डेल रूसो होते, निवृत्त दंतवैद्य. त्यांच्याखेरीज आणखी तिघं होती आणि पाचवी मॅव्हिस. मॅव्हिसचं नाव वाचून रोवेनाला इतकं हायसं वाटलं की तिने त्या रात्रीच्या जेवणाला स्वतःपुरता बेत म्हणून मासा तळला. पाचांत एक तरी आपलं माणूस आहे. अडखळलो तर सावरून घेईल.

पहिल्या तीन बैठकी छान झाल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. संध्याकाळी पाचला सभागृहात गोल खुर्च्या मांडायच्या, मध्ये एक मेणबत्ती, कुणीतरी घरचे लिंबाचे वड्यांसारखे कापलेले केक आणायचं. तिचं लहानपण, ग्लेन, कारखाना, शिध्याच्या पिशव्या. प्रत्येक वेळी शेवटी डेल विचारायचे, "आणखी काही आहे, जे आम्हाला कळायला हवं असं तुला वाटतं?" आणि सगळे तिच्याकडे बघत थांबायचे. जरा जास्तच वेळ थांबायचे. रोवेना म्हणायची, "नाही, एवढंच."

एप्रिलच्या बैठकीत डेलनी चष्मा काढून पुसला. "रोवेना, घरभेटीच्या सेवेबद्दल विचारायचं होतं. कधी असं झालं का, की तू नुसतं टपाल पोचवते आहेस असं वाटलं? पाकीट पोचवलं, आत काय आहे त्याच्याशी संबंध नाही, असं?"

 शब्द तिचे होते, जसेच्या तसे. तिने मॅव्हिसकडे पाहिलं. मॅव्हिस बशीतल्या केकचा कोपरा काट्याने मोडत होती. मान वर केली नाही.

पाच माणसं वाट बघत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता, उलट मोठी माया होती. परीक्षेत अडलेल्या मुलाकडे शिक्षक बघतात तशी. ती माया बघूनच रोवेनाचं डोकं फिरलं.

"नाही," ती म्हणाली. "तसं कधी झालं नाही."

डेलनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

*

त्या संध्याकाळी रोवेना कोट घालून बाहेर येईपर्यंत मॅव्हिसची गाडी निघून गेली होती. फोन उचलला नाही. पण शनिवारी ती आली. कदाचित तिला वाटलं असेल की न येणं म्हणजे कबुली दिल्यासारखं होईल. नेहमीसारखा कोट खुंटीला लावला, नेहमीसारखी तोटी सोडली.

"तू सांगितलंस," रोवेना दारातूनच म्हणाली.

"काय?"

"मॅव्हिस, मला खुळी समजू नकोस. तो शब्दसुद्धा माझा आहे. तुझ्याशिवाय पृथ्वीच्या पाठीवर कुणाला ठाऊक नव्हता."

मॅव्हिसने पाणी बंद केलं. "मला वाटलं, तू स्वतःच सांगशील. पहिल्याच दिवशी. अगं, ती खोली त्यासाठीच आहे ना? खरं बोलायला?"

"मी काय बोलायचं ते मी ठरवणार होते!"

"आणि नसतीस बोलली तर? मी पाचांतली एक. मला माहीत असून मी गप्प बसायचं? सही करायची खाली?"

"मग माझ्याकडे यायचंस. इथे. या टेबलापाशी. 'रो, तू हे सांगितलं पाहिजेस, नाहीतर मी सांगेन,' एवढं म्हणायचंस. एकोणीस वर्षांत तुला मला तोंडावर सुनवायला कधी जड गेलं होतं गं? माझ्या केसांबद्दल सुनावलंस, ग्लेनच्या भावाबद्दल सुनावलंस, हेच नेमकं जड गेलं?"

 ओले हात मॅव्हिसने स्कर्टला पुसले, जे ती कधीच करत नसे.

"डेलना कधी सांगितलंस?"

"डेलना नाही. फादरना. पत्र लिहिलं."

"कधी?"

"नाताळच्या आधी."

रोवेना खाली बसली. तिथे बसायला एकच स्टूल होतं, मेणबत्त्या बदलताना चढायचं. जानेवारीच्या आधी. म्हणजे पहिल्या बैठकीला ती नवा निळा स्वेटर घालून आली, हसली, सगळ्यांना कॉफी ओतली, तेव्हा त्या पाचांनाही माहीत होतं. डेलचा तो शेवटचा प्रश्न, ते थांबणं. तीन महिने ते सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, आता सांगेल, मग सांगेल म्हणून.

"तुला मी जायला नको होते," रोवेना हळू म्हणाली. "हेच ना? ग्रीन बेला."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बघ माझ्याकडे आणि सांग."

मॅव्हिसने बघितलं. तिचं नाक लाल झालं होतं. "हो, तेही होतं," ती म्हणाली. "थोडं. पण फक्त तेवढंच नव्हतं, रो. शपथेवर सांगते. लिहायला बसले तेव्हा मला खरंच वाटलं की मी बरोबर करतेय."

रोवेनाने पिशवीतून वेदीमागच्या खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि ओल्या फडक्यांचा ढीग तसाच टाकून बाहेर पडली. गाडीपर्यंत जाताना तिला एवढंच सुचत होतं की त्यातली दोन फडकी लगेच चोळली नाहीत तर डाग पक्के बसतील.

*

फादर किप नाकबूल झाले नाहीत. ते काही वाईट माणूस नव्हते. "पत्र मी समितीला वाचून दाखवलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तू स्वतः ते पुढे आणशील तर त्याने तुझीच बाजू भक्कम होईल. शंकेतून गेलेला माणूस चांगला डीकन होतो, रोवेना. तुझी ती अकरा महिन्यांची गोष्ट अडचण नव्हतीच."

"मग अडचण काय आहे?"

ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. "तू 'नाही' म्हणालीस."

"तुम्ही सहा जणांनी खड्डा खणलात, त्यावर पाला पसरलात आणि मी पडले तर म्हणता, चालताना बघत नाही."

"तसा हेतू नव्हता."

"हेतू मला माहीत नाही, फादर. मला एवढं कळतं की खोलीतलं खोलीत राहील असं तुम्ही मला सांगितलंत, आणि खोलीत माझ्याआधीच माझी गोष्ट येऊन बसली होती."

मे महिन्यात समितीचं पत्र आलं. मोठ्या प्रेमाने लिहिलेलं. 'सध्या नाही. वर्षाने पुन्हा भेटू. मोकळेपणाने बोलण्याची सवय वाढवावी.' खाली पाच सह्या. मॅव्हिसची सही काउंटीच्या दाखल्यांवर असायची तशीच, गोल आणि स्पष्ट.

एव्हाना गोष्ट फुटलीही होती. कशी, कुणाकडून, देव जाणे. रविवारी तळघरात कॉफी घेताना नॉर्मा बॉइडने रोवेनाच्या दंडावर हात ठेवला. "आपल्यापैकी कुणाला नाही शंका येत? मला तर दर सोमवारी येते," ती म्हणाली. नॉर्मा मनापासून बोलत होती, पण रोवेनाला ते अंगावर गरम कॉफी सांडल्यासारखं झालं. तिने शास्त्रपाठ सोडला, पेला सोडला, शिध्याच्या पिशव्याही सोडल्या. घरभेटीची सेवा मात्र तिने सोडली नाही. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. फादरनीही तो विषय काढला नाही. त्यांच्याकडे पाठवायला दुसरं माणूस तरी तेव्हा कुठे होतं.

आणि ऑर्व्हिल स्टॅग होता.

ऑर्व्हिल शहाऐंशी वर्षांचा, बेटावर जाणारी बोट चाळीस वर्षं चालवलेला. दोन्ही पाय निकामी, आवाज अजून बंदरावरचा. त्याची बायको हेझल ग्लेनच्या आधी तीन महिने वारली होती. तिला शेवटची भाकर दिली होती ती रोवेनाने. म्हणजे नेमकी त्या अकरा महिन्यांत.

इतर कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी रोवेनाने पुस्तक उघडायच्या आधीच त्याला सगळं सांगितलं. एका दमात, डोळे गालिच्यावर ठेवून.

 ऑर्व्हिल म्हणाला, "हेझलच्या वेळीही?"

"हो."

"तिने तुझा हात धरला होता. मी त्या खुर्चीत होतो."

"हो, ऑर्व्हिल."

"आणि तू घड्याळ बघत होतीस."

"फादर सांगतात की देणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर देवाचं देणं अवलंबून नसतं. जे हेझलला मिळायचं होतं ते—"

"पुस्तकातलं मला सांगू नकोस, पोरी." त्याचा आवाज चढला. "मी तुझ्याबद्दल विचारतोय. सहा वर्षं माझ्या घरात येतेस, माझी कॉफी पितेस, हेझलच्या गोष्टी ऐकतेस. सहा वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही?"

 मॅव्हिसवर संतापून घालवलेल्या इतक्या दिवसांत हा हिशेब रोवेनाच्या डोक्यातच आला नव्हता. आपल्याला फसवलं गेलं, एवढंच ती दिवसरात्र घोकत होती. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आता नेमकं तेच दिसत होतं.

"आज राहू दे," ऑर्व्हिल म्हणाला. "जा तू."

डबी न उघडता परत नेण्याची तिची ती पहिलीच वेळ. पुढचे दोन रविवार त्याने फादरना फोन करून कळवलं की बरं वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन थेट रोवेनाच्या कारखान्यात आला. मशीनच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागलं.

"हेझलला कळलं होतं का?"

"नाही! तिला काहीच कळलं नव्हतं!"

"त्या दिवशी ती दुपारभर झोपली. कण्हलीसुद्धा नाही. आठवड्यात पहिल्यांदा." तो थांबला. "मला तुझा राग आहे, रोवेना. जाईल असं वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचा राग जायला वेळ लागतो आणि माझ्याकडे वेळ नाही. पण मला रविवार लागतो. तर ये."

"येते."

"आणि तो वाचणारा चष्मा आण तुझा. मागे एकदा दोन ओळी गाळल्या होत्यास."

ती गेली. तो पूर्वीसारखा बोलला नाही, कॉफीचं विचारलं नाही. पण हात पुढे केला, भाकर घेतली, आणि शेवटी तिच्याबरोबर मोठ्याने 'आमेन' म्हणाला. असा सगळा उन्हाळा गेला. ऑगस्टच्या अखेरीस एकदा त्याने कपाटाकडे बोट दाखवून म्हटलं, "कप कुठे असतात ते तुला माहीत आहे." त्यापलीकडे काही नाही.

*

ऑक्टोबरमध्ये मॅव्हिस घराच्या पायऱ्यांवरून पडली. खुबा मोडला. मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग घरी आली, पण सहा आठवडे चर्चला येणं शक्य नव्हतं. घरभेटीच्या यादीत तिचं नाव आलं.

रविवारी उपासनेनंतर फादर किपनी डबी रोवेनाच्या हातात देण्याआधी जरा धरून ठेवली. "मॅव्हिसकडे मी जातो. नाहीतर लोइस आता ही सेवा शिकली आहे, तिला पाठवतो. तुला जायची गरज नाही."

"यादी कुणाची आहे?"

"तुझी, पण—"

"मग मी जाते."

मॅव्हिसच्या घराची किल्ली अजून रोवेनाच्या जुडग्यात होती. ती तिने वापरली नाही; घंटी वाजवली आणि उभी राहिली. वॉकरला धरून मॅव्हिसला दारापर्यंत यायला बराच वेळ लागला. उन्हाळ्यापासून ती आणखीनच सुकली होती. केस विंचरलेले नव्हते.

"तू येशील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"यादीत नाव होतं तुझं."

रोवेनाने जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, छोटा क्रूस ठेवला, डबी उघडली. फडक्याच्या घड्या जेमतेम होत्या. शनिवारी आता नॉर्मा बॉइड इस्त्री करायची. मॅव्हिसची नजर त्या वेड्यावाकड्या कडेवर गेली, ओठ हलले आणि मिटले. एरवी दोघी यावर दहा मिनिटं हसल्या असत्या.

रोवेनाने वाचायला सुरुवात केली. पापकबुलीची प्रार्थना दोघींनी मिळून म्हणायची असते. ती सुरू झाली आणि मॅव्हिसचा आवाज अर्ध्यावर बंद पडला. रोवेना एकटीच शेवटपर्यंत म्हणत गेली.

"रो," मॅव्हिस म्हणाली, "मी चुकले. मी तुझ्याकडे आधी यायला हवं होतं. मी पत्र टपालात टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले, बाहेर कसं काढता येईल ते बघत. हात नाही जात गं आत."

"मला नाही ठाऊक, काय म्हणायचं."

"माफ केलंस असं म्हण."

खिडकीबाहेर शेजारचा माणूस यंत्राने पानं उडवत होता. ते यंत्र बंद होईपर्यंत रोवेना थांबली.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही. खोटं सांगून तुझ्या हातावर हे ठेवायचं नाही मला. तसं मी एकदा केलंय. तुला माहीत आहे."

मॅव्हिसने डोळे पुसले. "मग देणार नाहीस?"

"देते ना. त्यासाठीच आलेय."

तिने भाकर उचलली, ठरलेले शब्द म्हटले, आणि मॅव्हिसच्या तळहातावर ठेवली. मॅव्हिसची बोटं मिटताना तिच्या बोटांना लागली, आणि रोवेनाने हात ओढून घेतला नाही. पण धरलाही नाही. मग कुपीतला घोट. मग शेवटची प्रार्थना, दोघींनी मिळून, या वेळी पूर्ण.

सामान आवरताना मॅव्हिस म्हणाली, "चहा टाकते. बसतेस?"

"ऑर्व्हिल वाट बघतोय."

"पुढच्या रविवारी येशील?"

"पुढच्या रविवारी लोइस. त्याच्या पुढच्याला मी." दारापाशी जाऊन ती वळली. "पायऱ्यांना कठडा लावून घे. डेलच्या भाच्याला सांग, तो सुतारकाम करतो."

"डेलला तू सांगशील?"

"तू सांग," रोवेना म्हणाली. "तुम्ही बोलता ना एकमेकांशी."

ती बाहेर आली, गाडीत बसली, डबी शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावरून पट्टा लावला. चावी फिरवायच्या आधी तिला रडू आलं. एकोणीस वर्षांची मैत्रीण त्या दाराच्या आत होती, हाकेच्या अंतरावर. आत जावं आणि चहा मागावा असं तिला फार वाटलं. ती गेली नाही. पाच-एक मिनिटांनी तिने आरशात बघून तोंड पुसलं, आणि ऑर्व्हिलच्या घराकडे गाडी वळवली, कारण सव्वाबारा वाजले होते आणि उशीर झाला की तो खेकसायचा.